चौकातला फ्लेक्स चुकलाय, वहिनी

वहिनी, हायवे सोडून गावात वळलं की पहिल्याच चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. चांगला मोठा आहे. फोटो पुतणीच्या लग्नातला, डोक्यावर पदर, आणि कॅमेरा दिसला की तू करायचीस ते ठेवणीतलं गंभीर तोंड. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यांतल्या निम्म्यांनी तुला जन्मात कधी हाक मारली नसेल. इथवर ठीक आहे, फ्लेक्स म्हटला की हे आलंच. पण तुझ्या नावाच्या वर लाल अक्षरांत छापलंय, ‘स्वच्छतेची मूर्ती’.

मी गाडी बाजूला घेतली आणि भर रस्त्यात मोठ्यांदा हसले. भावजयीच्या श्रद्धांजलीखाली उभी राहून नणंद हसतेय, हे बघून पानपट्टीवाल्याचा हात थांबला. मग मला रडू फुटलं, तेव्हा त्या बिचाऱ्याच्या जिवात जीव आला आणि तो परत पान लावायला लागला.

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, हे मी लिहीत नाही. ते फ्लेक्सवर आहे. मला लिहायचंय ते तुझ्या आजाराबद्दल, ज्याला गावाने तुझा गुण समजून लाल अक्षरांत छापलंय. तू त्याला हरवलंस. शेवटच्या महिन्यात पोटाच्या दुखण्याने तू खाटेला खिळलीस, तेव्हा मरणाबद्दल एकदाही बोलली नाहीस. भीती एकाच गोष्टीची होती. अंगातली ताकद गेली की तो जुना आजार परत येईल, आणि जाताना तू त्याच्या हुकमात जाशील. मला तू विचारलंसही, ‘वन्सं, येईल का हो त्यो?’ मी मानसशास्त्राची प्राध्यापिका. मी तुझं पांघरूण सारखं करत बसले.

तू कवठे महांकाळच्या बाजूची. तुमच्या वस्तीवर टँकर यायचा आणि पोरपणी तू घागर घेऊन त्याच्यामागे पळायचीस. लग्न होऊन उंब्रजला आलीस, तर इथे नळ सोडला की पाणी. पहिले काही दिवस नुसती गंमत म्हणून नळ सोडून बघायचीस, असं तूच सांगायचीस. पुढे त्याच नळापाशी तुझा दिवस जायला लागला. आधी भांडी झाल्यावर हात धुवायचे, मग दाराच्या कडीला लागले म्हणून, मग दुकानातून आलेल्या नोटांना लागले म्हणून, मग कुणाचा पदर घासून गेला म्हणून. हात धुऊन झाले की नळाची तोटी धुवायची, कारण ती घाण हातांनी सोडलेली. मग तोटीला लागले म्हणून परत हात. तुझ्या माहेरची माणसं आली की वाहतं पाणी बघून हळहळायची. तुलाही त्याची शरम वाटायची, पण हात थांबायचे नाहीत.

आमच्या घरात याला आजार कोण म्हणणार? आई गल्लीभर सांगत सुटायची, ‘आमच्या सुनंसारखी टापटीप बाई हुडकून दावा.’ दादा फौजेत. प्रत्येक सुट्टीला तो तुझ्यासाठी कॅन्टीनमधून साबणाचा अख्खा खोका आणायचा. इतरांच्या बायका साड्या मागतात, आमची साबणावर खूश, असं तो मित्रांना कौतुकाने ऐकवायचा. त्यात ग्रामस्वच्छतेची स्पर्धा आली. समिती घरोघर फिरली. आपली मोरी बघून ती माणसं चपला हातात घेऊन उभी राहिली. त्यातल्या एका साहेबांचं लक्ष तुझ्या हातांकडे गेलं. भेगा पडलेले, सालं सुटलेले हात. झोपताना तूप चोळून त्यांना फडकं गुंडाळावं लागायचं. साहेब म्हणाले, ‘हे बघा, हे कष्टाचे हात!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘आदर्श घर’ म्हणून आपल्याला बक्षीस मिळालं आणि शाल-नारळ तुझ्या ओटीत पडला. आजाराचा असा सत्कार जगात कुठे झाला नसेल. घरी आल्या आल्या तू ती शाल साबणात भिजत घातलीस.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि मी नुकतीच कॉलेजात लागले होते, अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवायला. वर्गात त-त-प-प होऊ नये म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मी धडा स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघायची. माझा वर्ग म्हणजे मोरीपाशी उभी असलेली तू. ताणाचा धडा झाला. ताण आला की छाती धडधडते, झोप उडते, पोट बिघडतं, हे ऐकून तू म्हणालीस, ‘ह्येला पुस्तक कशाला पायजे? दहावीतल्या पोरीची आई बघा की.’ मी चिडले. तुझ्यासारखी आगाऊ विद्यार्थिनी मला पुढेही मिळाली नाही.

मग विकारांचा धडा आला. मी म्हणत होते, ‘नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार म्हणजे मनोग्रस्ती. त्या विचाराची भीती शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती म्हणजे अनिवार्य क्रिया. हे अती होतंय हे त्या व्यक्तीला बहुधा कळत असतं, तरीही तिला थांबता येत नाही.’ मोरीतला नळ बंद झाला. तसा तो मधेच कधी बंद होत नसे.

‘परत वाचा की वाईच, वन्सं.’

मी वाचलं.

‘ह्ये पुस्तक कोण लिवतं?’

‘तज्ज्ञ लोक लिहितात.’

‘त्यास्नी माझं कसं कळलं?’

मी काही बोलणार तोच तू ओल्या हातांनीच माझा दंड धरलास. इतक्या वर्षांत तू आपण होऊन कुणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. ‘म्हंजी आणिक बी हायत व्हय माझ्यासारखी मान्सं? मला वाटलं मी एकलीच असली.’ तुझ्या तोंडावर मी भीती शोधत होते. तू हसत होतीस.

त्याच आठवड्यात आपण कराडला डॉक्टरांकडे गेलो. निघताना आई दारात आडवी. ‘माझ्या सुनंला याड लागल्यालं न्हाई. बक्षीस हाय आमच्या घराला!’ सासूपुढे कधी मान वर न करणारी तू चपला घालता घालता म्हणालीस, ‘आत्याबाई, बक्षीस त्या आजारालाच मिळालंय. मला जाऊ द्या.’ आई वाटेतून बाजूला झाली. पुढे कितीतरी वेळ ती उंबऱ्यातच बसून होती, असं शेजारणीने सांगितलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिथल्याच समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी विचारलं, हात धुवायला लावणारा तो आतला आवाज कसा आहे? तू क्षणभरही विचार केला नाहीस. ‘मुकादमासारका. सोता बांधावर बसतो अन् आमाला म्हंतो, तोडा, आजून तोडा.’ ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रानात टोळी उतरायची, तिथला मुकादम तुझ्या डोळ्यांपुढे होता. त्या दिवसापासून आपल्या घरात त्या आजाराचं नाव मुकादम पडलं. वर्गात मी पुढे कितीही शास्त्रीय शब्द शिकवले, तरी मुलांच्या लक्षात राहिला तो मुकादमच.

उपचार ऐकायला सोपा होता. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा, आणि धुवायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची. ती आपली आपण उतरते, ते बसून बघायचं. आधी कमी भीतीची वस्तू, मग जास्त. आणि घरातल्या कुणीही ‘हात स्वच्छ आहेत, काळजी करू नकोस’ असं म्हणायचं नाही, कारण तेवढ्या शब्दांवर मुकादम पोसतो. हे ऐकायला सोपं होतं, वहिनी, पण करायला काय होतं ते मी बघितलंय. दाराची कडी धरून झाल्यावर तू हात अंगापासून लांब धरून बसायचीस, घामाने पोलकं भिजायचं. एकदा तर मला म्हणालीस, ‘तुमची पुस्तकं चुलीत घाला!’ मी म्हटलं, घालते, आधी अर्धा तास बस. तू रडत बसलीस. पण बसलीस.

आईने पवित्रा बदलला तो कायमचा. तू विचारायचीस, ‘आत्याबाई, हात चांगलं हायत न्हवं?’ त्यावर बाईंनी शिकवलेलं उत्तर ती ठसक्यात द्यायची, ‘मला ठावं न्हाई.’ ते तिला इतकं आवडलं की भातात मीठ आहे का विचारलं तरी ती म्हणायची, ‘मला ठावं न्हाई.’ दादाला आपण फोनवर सगळं सांगितलं होतं. सांगून होतंय तोच रेंज गेली. पुढच्या सुट्टीला तो आला तेव्हा खोका नव्हता. दारातच अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, ‘ह्या टायमाला काय आणावं सुचलं न्हाई.’ तू त्याच्या हातातली बॅग घेतलीस. बॅगेला रेल्वेची, एसटीची, सगळ्या देशाची धूळ होती. म्हणालीस, ‘साबन न्हाई आनला न्हवं, लय झालं.’ तुमच्या दोघांच्या संसारातलं एवढं प्रेमाचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि मग बेंदूर आला. चिखल ही तुझ्या भीतीची सगळ्यात वरची पायरी, ओला, नखांत शिरणारा चिखल. लग्नापासून बेंदराचे मातीचे बैल आईच करायची, तू लांबून पूजेचं ताट द्यायचीस. त्या वर्षी तू पाटावर येऊन बसलीस आणि चिखलाच्या गोळ्यात दोन्ही हात घातलेस. आईचा श्वास मला ऐकू येत होता. तुझा पहिला बैल झाला तो पोट जमिनीला टेकलेला, एका शिंगाचा. दुसरा त्याहून वाईट. बैलजोडी देवापुढे गेली आणि तू हात मांडीवर उताणे ठेवून बसलीस. चेहरा पांढराफटक. बाहेर पोरं ओरडत होती, पुरणाचा वास सुटला होता, आणि आम्ही दोघी तुझ्या हातांकडे बघत होतो. चिखल कडेने फिका व्हायला लागला. मग त्याला बारीक बारीक तडे गेले, आणि तू बोट हलवलंस तशी एक खपली गळून पडली.

‘वाळला की वो,’ तू म्हणालीस. ‘अन् भ्या बी वाळलं.’

जेवायच्या आधी तू हात धुतलेस, एकदाच, आणि ताटावर येऊन बसलीस. आईने पुरणपोळीवर तुपाची अख्खी वाटी उपडी केली. मग ती अंगणात जाऊन शेजारणीला ओरडून सांगू लागली, ‘आगं, चिखल वाळंपातूर आमच्या सुनंनं हात धुतलं न्हाईत!’ शेजारणीला काय कळणार? पण त्या आरोळीत जो रुबाब होता, तो त्या शाल-नारळाच्या वेळीही नव्हता.

पुढे दरवर्षी तो धडा आला की तू माझ्या वर्गावर यायचीस. बादलीत चिखल घेऊन एसटीने यायचीस आणि कंडक्टरशी त्या बादलीवरून भांडायचीस. प्रत्येक मुलाच्या हातात एक गोळा. बैल करा आणि वाळेपर्यंत बसा. पहिल्या काही मिनिटांत कुणाचं नाक खाजायला लागायचं, कुणाचा फोन वाजायचा, मागच्या बाकावरून कुणीतरी कळवळायचं, ‘काकू, धुवावंसं वाटतंय.’

‘वाटू दे. वाटून वाटून दमतंय त्ये.’

मी आलेख काढून, बाण दाखवून जे तासभर शिकवायची, ते पोरांच्या हातावर वाळत असायचं. एका मुलाने एकदा धीटपणे विचारलं, ‘काकू, हे सगळ्यांना सांगायला लाज नाही वाटत?’ तू म्हणालीस, ‘कामं लावली मुकादमानं, लाज मी का धरू रं?’ वर्ग हसला. तास संपल्यावर कडेगावकडची एक मुलगी मागे रेंगाळली. गॅस बंद केलाय का हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून घरी परत जायची. तू तिला घेऊन आवारातल्या पायरीवर बसलीस, आणि तुमचं काय बोलणं झालं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. ती तुझ्या मातीला आली होती. आता तिच्या कडेवर पोर आहे. दादाला म्हणाली, ‘आज निघताना गॅस एकदाच बघितला, काका.’ दादाला काही कळलं नाही, पण त्याने तिच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

आपलं भांडण मात्र राहिलं. मी फळ्यावर लिहायची, ‘योग्य उपचारांनी विकार नियंत्रणात येतो.’ तू खुर्चीवरून उठायचीस आणि ‘नियंत्रणात’ हा शब्द उघड्या तळहाताने पुसून टाकायचीस, डस्टर शेजारी असताना. खडूने भरलेला हात पदराला पुसून म्हणायचीस, ‘वन्सं, बरी झाली म्हना की. शब्दाला पैसं पडत्यात व्हय?’ मी म्हणायची, वहिनी, शास्त्रात जपून बोलावं लागतं, मुकादम पुन्हा येऊ शकतो. तू म्हणायचीस, ‘येऊ दे की. मला काम सांगायला आला तर बगू.’ मुलं टाळ्या वाजवायची आणि मी परत ‘नियंत्रणात’ लिहायची. वर्षानुवर्षं हेच.

तुझंच खरं ठरायची वेळ कोरोनात आली. सगळा देश हात धुवायला लागला, फोन लावला की त्यातूनही हात धुवा. मला तुझ्या काळजीने झोप नव्हती. मी फोन केला तर तू म्हणालीस, ‘मुकादमाला सरकारी नोकरी लागली, वन्सं! लय माजलाय.’ त्या दिवसांत तो तुला खूप छळून गेला हे मला माहीत आहे, गोळी पुन्हा वाढवावी लागली. पण तू एक नियम केलास. सरकार सांगेल तेवढं ऐकायचं, मुकादमाचं एक अक्षर नाही. बाहेरून आलं की एकदा, नीट, आणि नळ बंद. गल्लीतल्या बायका भाजी धुऊन धुऊन लगदा करत होत्या, तेव्हा त्यांना समजवायला तूच फिरत होतीस, दारात लांब उभी राहून.

आणि मग हा शेवटचा महिना. कराडच्या त्या दवाखान्यात तुझ्या खाटेशेजारी भिंतीला सॅनिटायझरची बाटली लावलेली होती. येणारा-जाणारा प्रत्येकजण ती दाबायचा. त्या दुपारी तू सकाळपासून तिच्याकडेच बघत होतीस. दादा आणि मी तुझ्याकडे. तुझे ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

‘आलाय,’ तू म्हणालीस.

‘कोण?’

‘मुकादम. खिडकीपाशी बसलाय.’

दादाने खाटेची दांडी धरली. तेवढ्यात जेवणाचं ताट आलं आणि त्यामागून सिस्टर. तू हात पुढे केलास. तिने बाटली काढून तुझ्या तळव्यावर एकदा दाबली. तू सावकाश हात चोळलेस, बोटांच्या मधे, नखांपाशी. सिस्टर चांगल्या मनाची पोर, तिने बाटली पुन्हा धरली. ‘घ्या मावशी, अजून घ्या.’

तू मूठ मिटलीस.

‘बास.’

एवढासा आवाज होता, पण खोलीभर गेला. मग तू खिडकीकडे मान वळवलीस आणि मोठ्या कष्टाने म्हणालीस, ‘ऐकलं न्हवं? बास म्हनलं.’ आणि सिस्टरला, ‘भात द्या वाईच.’ त्या हाताने तू दोन घास खाल्लेस. दादा बाहेर बोळात गेला. मी मागून गेले तर तो भिंतीशी ताठ उभा होता, छाती पुढे, परेडला उभं राहावं तसा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानंतर तू त्या बाटलीकडे पुन्हा पाहिलं नाहीस. गेलीस तेव्हा तुझ्या खाटेजवळ आम्हीच होतो, दुसरं कुणी नव्हतं.

वहिनी, आयुष्यभर तू मला ‘तुमी’ म्हणालीस. मी किती विनवलं, मला ‘तू’ म्हण म्हणून. ते तेवढं राहिलं. तुझे हात हातात घेऊन एकदा सांगायचं होतं की माझ्या पेशाची सगळी इज्जत तू ठेवलीस, तेही राहिलं. तुझी रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. तू सांगितलंस तशी घराच्या कडेला मातीत घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. माती दादाने हातांनी ओढली, फावडं मागितलं नाही.

तो फ्लेक्स काही दिवसांनी उतरेल, तिथे कुणाचा तरी वाढदिवस लागेल. त्यावर काय छापायचं हे माझ्या हातात नाही. फळा आहे. काल तुझं कार्य झालं आणि आज मी कॉलेजात गेले. नेमका तोच धडा होता. सवयीने मी लिहिलं, ‘योग्य उपचारांनी विकार नियंत्रणात येतो.’ पहिल्या बाकावरची मुलगी दाराकडे बघत होती, वरच्या वर्गाकडून ऐकलेल्या बादलीवाल्या काकू येतात का ते. डस्टर टेबलावर होता. मी उघड्या तळहाताने तो शब्द पुसला आणि त्या जागी काय लिहायचं ते लिहिलं. तास संपला, घंटा झाली, मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. हाताला खडू तसाच आहे, आणि फळ्यावर वाक्य आहे: ‘योग्य उपचारांनी माझी वहिनी बरी झाली.’